मेजरचा लंगर

मेजर गेल्याचं मला सव्वा महिन्यानं कळलं. कुणी मुद्दाम कळवलं नव्हतं. आमच्या वाडीवरचा एक जण शिर्डीला दर्शनाला आला होता, तो प्रसादाच्या दुकानापाशी अचानक भेटला. पेढ्यांचा पुडा पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "मेजर गेले की. तुला ठावं न्हाई व्हय?" आणि लगेच तिसगावकडं जाणाऱ्या गाडीची वेळ विचारायला लागला. मी ती त्याला सांगितली. ती वेळ मला पाठ होती. त्या गाडीत मात्र मी कित्येक वर्षांत बसले नव्हते.

मी पुणतांब्याच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका आहे. आई आता धाकट्या भावाकडं नगरला असते, त्यामुळं गावाकडं न जायला कारणही आयतंच मिळालेलं. कुणी विचारलं की मी तेच सांगायची. पण खरं कारण मेजर होते. ते जिवंत होते तोवर मला त्या घराची पायरी चढता आली नाही, आणि ते गेल्याचं ऐकल्यावर पुढच्याच रविवारी मी गाडीत बसले. यातला हलकेपणा मला कळत होता. तरी मी निघाले.

तिसगावात उतरले तेव्हा दुपार व्हायची होती. नवरात्राच्या आधीचे दिवस. नुकत्याच मळलेल्या बाजरीचा तो कोरडा, घशात बसणारा वास पेठेभर होता. पेठ संपते तिथं उजवीकडं वळलं की लिंबाखालचं ते घर. पत्रे नवे दिसले, भिंतीला रंग नवा दिसला, ओटा तोच. दाराला नुसती कडी घातलेली. शेजारच्या बाईनं कुंपणावरून सांगितलं, "अक्का गिरणीत गेल्यात दळायला. बसा, येत्याल."

मी ओट्यावर बसले. अंगणात, लिंबाच्या बुंध्याशी ती मोठी डेगची पालथी घातलेली होती. तिच्या बुडावर एक कोंबडी अंग फुगवून बसली होती. त्या डेगचीकडं मी बराच वेळ पाहिलं नाही. मग पाहिलं.

दसरा झाला की आमच्या वाडीवर ट्रक लागायचे. मुकादम चार-चार कुटुंबं एका ट्रकमध्ये बसवायचा. बाजरीची पोती, चूल, तवा, शेळ्या, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, गोधड्यांची गाठोडी आणि सगळ्यांत वर पोरं. ट्रक हलला की म्हाताऱ्या माणसांचा आणि कुत्र्यांचा आवाज तेवढा मागं राहायचा. गुढीपाडवा उलटेपर्यंत वाडी तशीच मुकी असायची. आम्ही पोरं ऊसतोडीला जायचो म्हणजे काय करायचो, तर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचो, धाकटी भावंडं सांभाळायचो, पाचटाच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, बसून आईबाप फडातून यायची वाट बघायचो. परत आलो की शाळेत आमची नावं कमी झालेली असायची.

मेजर पेन्शनीत येऊन दुसरंच वर्ष असेल. ते ट्रकपाशी उभे होते. माझ्या आईला म्हणाले, "ही पोरगी माझ्याकडं ठेव. माझी बहीण हाय घरात. चार घास आमी खातो त्यातलं तिला घालू. शाळा तरी बुडायची न्हाई." आईनं बापाकडं पाहिलं. बापानं खाली पाहिलं. मग आईनं ट्रकमधून बाजरीचं एक पोतं खाली ढकललं आणि त्याच्यामागनं मला उतरवलं. मी तिसरीत होते.

त्या वर्षी आम्ही चार पोरं होतो. पुढच्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी अकरा.

आमच्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो कुणीही असो. आमचे मेजर फौजेत स्वयंपाकी होते. गावातले काही लोक पाठीमागं म्हणायचे, मेजर कसला, आचारी होता. कधी त्यांच्या तोंडावरही म्हणायचे. ते हसायचे. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवायचे, आणि झेंडा वर गेला की ते खुर्ची सोडून मागं यायचे, जिलेबी वाटणाऱ्याच्या हातातली परात धरायचे. त्याला वाटता येत नाही, पहिल्यांनाच जास्त देतो आणि शेवटच्यांना पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

उंचीनं बेताचे, रुंद मनगटं, आणि डावा पाय टेकवायच्या आधी किंचित थांबायची सवय. बर्फात दोन बोटं गेलेली. एकदा एका पोरानं विचारलं, "मेजर, तुमी किती दुश्मन मारले?" मेजर तेव्हा पिठलं हाटत होते. म्हणाले, "मी? एक बी न्हाई. म्या डाळ शिजिवली."

आम्ही हसलो, तर ते गंभीरपणे सांगायला लागले. तिकडं बर्फात, इतक्या उंचावर डाळ शिजत नाही. पाण्याला आधण येतं, बुडबुडे फुटतात, पण डाळीचा दाणा दाताखाली कच्चाच. रॉकेलचा स्टोव्ह दोन-तीन तास फरफरत ठेवायचा, मग कुकर उतरवून त्याला गोधडी गुंडाळायची. अंडं आपटलं तर फुटत नाही, दगडासारखं उडतं. कांदा कोयत्यानं फोडावा लागतो. वरच्या चौकीवरून माणसं खाली यायची तेव्हा त्यांची बोटं चमचा धरायला वळत नसायची. "मोठमोठाले बाप्ये, मिशावाले. येकेकाच्या तोंडात घास भरवायचो म्या. लाजायचे. म्हनायचो, खा रं बाबा, इथं कोन बघतंय."

मेजरच्या घराला आम्ही लंगर म्हणायचो, कारण फौजेतल्या स्वयंपाकघराला म्हणतात तसं ते त्याला म्हणायचे. संध्याकाळी ओट्यावर उभं राहून ते हाक द्यायचे, "लंगर तयार!" आणि आम्ही कुठूनकुठून पळत यायचो. जेवायच्या आधी गिनती. एक, दो, तीन असं हिंदीतून म्हणायचं आणि खाली बसायचं. माझा नंबर सात. माझ्याशेजारी आठ नंबरला सविता बसायची. ती माझ्याच वर्गात होती, माझ्याच वाडीची, हसली की डोळे पूर्ण मिटायचे तिचे. गिनती अकरावर पोचली की मेजर एकदा मान हलवायचे आणि मग डेगचीचं झाकण काढायचे. तो वास मी नंतर फार शोधला. मटकीच्या आमटीत ते शेवटी लसणाची फोडणी वरून घालायचे. तसं मीही करून पाहिलं. लसूण तोच, तेल तेच. वास येत नाही.

मुली आत अक्काजवळ झोपायच्या, पोरं पडवीत मेजरजवळ. पांघरायला फौजेतली राखाडी कांबळी, अंगाला टोचणारी, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली. थंडीत सकाळी लिंबाच्या काड्यांचा धूर अंगणात खाली बसलेला असायचा आणि त्या धुरात मेजर सगळ्यांचं पाणी तापवत बसलेले दिसायचे. अक्का म्हणजे त्यांची धाकटी बहीण, लवकर विधवा होऊन परत आलेली. जिभेनं कडक. आमच्या डोक्यातल्या उवा ती काढायची आणि प्रत्येक उवेबरोबर एक शिवी द्यायची. मला एकदा गोवर आला तेव्हा नऊ दिवस ती माझ्याजवळून हलली नाही. मेजर दाराबाहेरून विचारायचे, "सात नंबर, काय खानार?" मी काही म्हणायची नाही, तरी मऊ भात यायचा, वर तुपाचा ठिपका.

कामं होती. झाडायचं, पाणी भरायचं, आपापली ताटली धुवायची. मेजर त्याला ड्युटी म्हणायचे. डेगची घासायची ड्युटी दोघादोघांची, पाळीपाळीनं, पाच-सहा दिवसांनी एकदा यायची. राख, नारळाची शेंडी आणि विहिरीचं गार पाणी. बाहेरून ती काळी ती काळीच राहायची, पण आतून तोंड दिसलं पाहिजे असा मेजरचा आग्रह.

रविवारी ते आम्हाला पोस्टकार्डं द्यायचे आणि आईबापाला पत्र लिहायला बसवायचे. ज्याला लिहिता येत नसे त्याचं ते लिहायचे. ही पत्रं कारखान्याच्या गट ऑफिसात जायची, तिथून मुकादमाकडं, मुकादमाचं पोरगं ती फडात वाचून दाखवायचं. त्या तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या पत्राला उत्तर आलं. अक्षर कुणाचंतरी परकं, पण शब्द आईचे. संक्रांतीला येते.

मी ते पत्र दप्तरात ठेवलं. भोगीच्या दिवशी शाळा सुटल्यावर स्टँडवर जाऊन बसले. संक्रांतीला सकाळपासून बसले. श्रीरामपूरकडून, नगरकडून, पाथर्डीकडून गाड्या आल्या. उतरणाऱ्या बायकांच्या लुगड्यांकडं मी बघत होते, कारण तोंडं लांबून कळायची नाहीत. अक्कानं तिळगूळ दिला तो मी खाल्ला नाही, आईसाठी ठेवला. मुंग्या लागल्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि डेगची घासायची पाळी माझी आणि सविताची होती. मी सविताला सांगितलंही नाही, सरळ स्टँडवर गेले. ऊन वर आलं तेव्हा मेजर न्यायला आले. त्यांचा तो थांबणारा पाय मला लांबून दिसला. ते शेजारी बसले. थोडा वेळ तेही गाड्या बघत राहिले. मग म्हणाले, "ऊस सुटत नसंल गं. मुकादम सोडत नसंल. आईला काय येऊ वाटत न्हाई व्हय?"

घरी आल्यावर ते म्हणाले, "आता डेगची तू घासायची. आज एकटीनं. सविता तुझी वाट बघत बसली हुती, तिची पाळी झाली म्हनायची. ड्युटी सोडून जायचं न्हाई. सांगून गेली आस्तीस तर म्या नको म्हनलं नसतं."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. पण मला तेव्हा कुणाचातरी राग यायला हवाच होता, आणि ज्या बाईचा यायला हवा होता ती तिथं नव्हती. मी डेगचीत डोकं घालून राख चोळत बसले. हात कोपरापर्यंत काळे झाले, बोटांच्या पेरांतून रक्त आलं. त्याच वेळी अंगणात जीप थांबली.

कुठल्याशा कार्यालयातले साहेब होते. कुणीतरी तक्रार केली होती की मेजर लोकांची पोरं ठेवून घेतात आणि त्यांना राबवतात. कुणी केली, ते आजतागायत कळलं नाही. पुढं लोकांनी दहा नावं घेतली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हा अकरा जणांना लिंबाखाली उभं केलं, मेजरना आणि अक्काला चुलीपाशी थांबायला सांगितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नका. इथं त्रास होत असेल तर स्पष्ट सांगा. आम्ही तुम्हाला तुमच्या आईवडिलांकडं पोचवू."

मग एकेकाला विचारलं. तुमच्याकडून काम करून घेतात का? सगळी पोरं म्हणाली, न्हाई. लहान पोरं तर घाबरून लगेच न्हाई म्हणाली. माझ्यापाशी आले तेव्हा मी माझे हात मागं धरले होते. ते त्यांनी पुढं घ्यायला लावले.

"हे कशानं झालं?"

"डेगची घासून."

"कोण घासायला लावतं?"

"मेजर."

"किती दिवसांनी?"

"रोज," मी म्हणाले.

मी लहान होते, असं मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. पण अकरा वर्षांच्या मुलीला जेवढं कळायला हवं तेवढं मला कळत होतं. आईवडिलांकडं पोचवू, हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. व्हय म्हणालं की काय होईल हे मला माहीत होतं, आणि तेच मला हवं होतं. बाकीच्या दहा जणांचं काय होईल हा विचार मनात आला नाही असंही म्हणता येत नाही. तो आला होता. मी तो बाजूला सारला.

साहेबांनी मेजरना पुढं बोलावलं. मेजरच्या हातात पळी होती, ती त्यांनी कुठं ठेवावी हे न सुचून तशीच धरली होती. साहेब म्हणाले, "बाकीची मुलं नाही म्हणतात. ही म्हणते रोज भांडी घासायला लावता. मग ही खोटं बोलते का?"

मेजरनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं नाही, एवढं मला आठवतं. हट्टानं त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. सविता साक्षीला होती, अक्का होती, सगळ्या पोरांना पाळ्या पाठ होत्या.

"न्हाई साहेब," मेजर म्हणाले. "आमची पोरं खोटं बोलत न्हाईत."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

आठ दिवसांत पोरांना पोचवायचा हुकूम आला. परवानगी असल्याशिवाय कुणाची मुलं घरात ठेवता येणार नाहीत. मेजर परवानगीसाठी नगरला गेले, पाथर्डीला गेले, कागद गोळा करत राहिले. ती शेवटपर्यंत मिळाली नाही. आम्हाला एका टेम्पोतून कारखान्याच्या बाजूला नेलं. निघताना मेजरनी प्रत्येकाच्या दप्तरात भाकरीचं फडकं ठेवलं. माझ्याही ठेवलं. त्यात ठेचा होता, मला आवडायचा तसा, लसूण जास्त घातलेला.

आई फडात होती. मला बघून तिनं कोयता खाली ठेवला, पोटाशी धरलं आणि दोन मिनिटांनी पुन्हा उचलला. मुकादम बांधावर उभा होता. त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत मी कोपीसमोर बसून धाकट्या भावाला सांभाळलं. आईची आणि माझी भेट पहाटे व्हायची आणि दिवे लागल्यावर व्हायची. दोन्ही वेळा ती इतकी दमलेली असायची की मी काही बोलले तरी तिला ऐकू जात नसे.

त्या चैत्रात मेजर आमच्या कोपीवर आले होते हे मला खूप नंतर आईनं सांगितलं. मी तेव्हा पाणी आणायला गेले होते. त्यांनी आईबापाला बसवून समजावलं, हिचा मामा नगरला आहे, त्याच्याकडं ठेवा, डोकं चांगलं आहे हिला. म्हणून मी मामाकडं गेले, म्हणून शिकले, म्हणून शिक्षिका झाले. सविताचं नाव शाळेतून कमी झालं ते कमीच राहिलं. तिला नगरला कुणी मामा नव्हता. दोन वर्षांत तिचं लग्न झालं आणि लग्नानंतर ती पुन्हा ट्रकमध्ये बसली, नवऱ्याबरोबर.

इथवरचं सगळं मी कधीतरी नवऱ्याला सांगितलं आहे. तो म्हणतो, लहान होतीस. पुढचं मात्र मी त्यालाही सांगितलेलं नाही.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. मी शाळेत सगळ्यांना नगरची म्हणून सांगितलं होतं. भाषा घासूनपुसून घेतली होती. डिसेंबरात मुख्याध्यापकांनी माझ्या हातात वही दिली आणि म्हणाले, नदीच्या बाजूला ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडल्या आहेत, जाऊन शाळेच्या वयाची मुलं किती आहेत ते लिहून आणा, जमतील तेवढी शाळेत बसवू.

मी पाटाच्या कडेनं चालत गेले. वाढ्याचा तो हिरवा, गोडसर वास येऊ लागला. बांधावर चढले तेव्हा समोर दहा-बारा कोप्या, धुराच्या रेघा, सोडलेल्या बैलगाड्या. आणि कानावर आलं, एक, दो, तीन, चार.

ते पालथ्या बादलीवर बसले होते. केस पूर्ण पांढरे. समोर पोरं ओळीनं, तीन दगडांच्या चुलीवर पातेलं. आपल्याकडची माणसं जिथं जिथं तोडीला जातात तिथं ते हंगामात आठ-आठ दिवस येऊन राहतात, पोरांना खाऊ घालतात, पाढे आणि बाराखडी घेतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पोरं घरी ठेवता येत नाहीत म्हणून मेजर पोरांच्या मागं आले होते.

मी पुढं गेले असते तर काय झालं असतं हे मला स्वच्छ दिसत होतं. ते रागावले नसते. ते उठून उभे राहिले असते, "बाई झालीस व्हय गं" म्हणाले असते, आणि पोरांना सांगितलं असतं की ही आपल्या लंगरची पोरगी. तेच मला सोसलं नसतं. शिव्या दिल्या असत्या तर गेले असते बहुतेक.

मी बांधावरून मागं फिरले. शाळेत येऊन वहीत लिहिलं, शालाबाह्य मूल आढळले नाही. खाली सही केली.

त्यानंतर दर हंगामात मी कोप्यांवर जाते. कुणी न सांगता जाते. पोरं शाळेत आणून बसवते, त्यांच्या आयांशी भांडते. शाळेत माझं कौतुक होतं. पण मेजर पुन्हा तिकडं कधी दिसले नाहीत, आणि मीही त्यांना कधी शोधलं नाही.

अक्का आली ती कमरेवर पिठाचा डबा घेऊन. पीठ पदराला, भुवयांना. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं.

"सात नंबर?"

मी उठून पाया पडले. तिनं नुसता डबा खाली ठेवला. घरात गेलो. मेजरचा फोटो कोनाड्याशेजारी लावलेला, टोपी घातलेला, कुठल्यातरी ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळं चेहरा थोडा पुसट.

"त्रास न्हाई झाला त्याला," अक्का म्हणाली. "सकाळी चहाचं आधण ठिवलं, आन् भिंतीला टेकून बसला. म्या म्हनलं, दादा, चहा उतू चाललाय. तर तसाच बसलेला." मग थोड्या वेळानं, "तेराव्याला एक म्हातारा आलता, लांबून, सांगली का कुठनं. ह्या एवढ्या मिशा. फोटोफुडं बसून लहान पोरावानी रडला. म्हनला, ह्यांनी मला घास भरिवला हुता."

तिनं चूल पेटवली. मी म्हणाले, मी करते, तर ती म्हणाली, बस. मी तिच्या पाठीकडं बघत बसले आणि बोलले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "अक्का, त्या दिवशी मी साहेबाला रोज म्हणाले. ते खोटं होतं. मला आईकडं जायचं होतं म्हणून बोलले."

"ठावं हाय," ती म्हणाली. भाकरी थापायची तिनं थांबवली नाही. "म्या चुलीपाशीच उभी हुते की."

"मेजरना..."

"दादानं तवाच सोडून दिलं. उलट मलाच बोलला, पोरगी आईसाठी झुरतीय, तिला काय म्हनू नगंस. पर म्या न्हाई सोडलं, तुला खरं सांगते. तू ल्हान हुतीस, मला बी कळतंय. पर अकरा पोरं हुती गं. त्या घराला काय आवाज हुता." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "दोन साल मला हितं सांजचं बसवत न्हवतं."

मी माफी मागितली नाही. मागून तिला उगीच उत्तर द्यायला लावण्यात अर्थ नव्हता. तिनं ताटात भाकरी वाढली, मटकी वाढली, समोर बसली आणि मी खाते की नाही ते बघत राहिली. मी खाल्लं. तिनं दुसरी भाकरी न विचारता वाढली.

"त्यानं तुला बगितलं हुतं," मध्येच ती म्हणाली.

"कुठं?"

"तिकडं, पुणतांब्याच्या अंगाला. कोप्यांवर. बांधावर आलतीस म्हनं, हातात वही."

माझा हात ताटातच राहिला.

"घरी आला तर लई खूश. चार दिस तेच बोलत हुता. बाई झाली, इस्त्रीची साडी हुती, लांबनंच वळखली म्हनला."

"मग हाक का नाही मारली त्यांनी?"

"म्हनला, सरकारी कामाची मान्सं, घाईत आसल. उद्या यील." अक्कानं तांब्यातलं पाणी माझ्यापुढं सरकवलं. "पोरांस्नी सांगितलं, उद्या बाई येनार हायेत, तुमची नावं शाळंत घालनार हायेत. सकाळी समद्यांची तोंडं धुतली त्यानं, केस विंचारले, वळीनं बसिवली. सविताची पोरगी बी हुती त्यात. दिसभर बसली पोरं. तू न्हाई आलीस, तर म्हनला, आज काम निघालं आसल, उद्या यील. दुसऱ्या दिशी पुन्ना तसंच, तोंडं धून बसिवली."

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. बाहेर कोंबडी ओरडत होती. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिशी तिथला ऊस सपला," अक्का म्हणाली. "गाड्या फुडच्या फडाला गेल्या."